खिळ्याला टांगलेले फोटू

दिगंबररावांची आणि माझी पहिली भेट बडनेऱ्याच्या स्टेशनवर झाली आणि पहिल्या भेटीतच मला त्यांचा राग आला. आम्ही दोघेही नागपूरला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला निघालो होतो. आईने माझी पत्र्याची पेटी अशी भरली होती की जणू नागपुरात मीठही मिळत नाही. गाडी आली. मी कमरेतून वाकलो, पेटीच्या कडीला हिसका दिला आणि पाठीत अशी उसण भरली की तिथेच अर्धा वाकलेला राहिलो. तेवढ्यात चांदूर बाजाराकडचा, पांढरा पायजमा घातलेला एक काटकुळा मुलगा पुढे आला. "असं वाकून नोको उचलू भाऊ. खाली बस, पेटी पोटाशी घे, मंग ऊठ," असं म्हणत त्याने ते करूनही दाखवलं आणि पेटी डब्यात ठेवून मोकळा झाला. घरी ज्वारीची पोती उचलून त्याच्या ते अंगवळणी पडलं होतं. मला पोचवायला आलेले माझे वडील अमरावतीत वकिली करायचे आणि कौतुकाच्या बाबतीत फार हात राखून असायचे. ते मला म्हणाले, "अरविंद, या मुलाकडून काही शिक." माझ्याबद्दल असं वाक्य त्यांनी कुणाला म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

तो मुलगा म्हणजेच आजचे डॉ. दिगंबरराव. अकोल्याच्या पंचक्रोशीत त्यांना सगळे 'दिगंबर डाक्टर' म्हणतात आणि त्यांच्याच एकसष्टीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. मी त्यांच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा. माझी एकसष्टी आमच्या घरी शिरा करून साजरी झाली, ग्रंथ काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. गौरव समितीने आदरार्थी बहुवचन पाळण्याची सूचना केली आहे. हॉस्टेलात ज्यांना 'दिग्या' म्हणून हाका मारल्या, त्यांना 'दिगंबरराव' लिहिताना हात जरा जड होतो, पण पाळतो. मनमोकळेपणाने लिहा, असंही समितीने कळवलं आहे, तेही पाळतो. मला दिगंबररावांचा हेवा वाटतो. तो बडनेऱ्याला सुरू झाला आणि अजून चालू आहे. गेल्या वर्षी माझा उजवा पाय, आणि त्याच्याबरोबर ऑपरेशन टेबलापाशी माझं उभं राहणं, दोन्ही जायची वेळ आली, तेव्हा निर्णय नेमका याच माणसाच्या हातात जाऊन पडला. ती हकीकत सांगायची म्हणून मी हा लेख स्वीकारला.

कॉलेजात अभ्यासात मी पुढे होतो, हे आधी नोंदवतो, कारण दुसरं कुणी नोंदवणार नाही. पण हात दिगंबररावांचा होता. पुढे आम्ही दोघांनीही हाडांचीच शाखा घेतली. ते सुरी धरायचे तेव्हा आमचे कडक सर बोलायचे थांबून बघत राहायचे. मी तीच सुरी धरली की सर सूचना देऊ लागायचे. हात असा असलेला माणूस मोठ्या शहरात जाऊन नाव काढेल, असं सगळे धरून चालले होते. दिगंबरराव अकोल्याला गेले आणि जुन्या वस्तीत एका गाळ्यात त्यांनी दवाखाना मांडला; ऑपरेशन लागलंच तर ते तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन करायचे. मी अमरावतीला आलो, मणक्याच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलं, स्वतःचं हॉस्पिटल उभारलं. वाटलं, आता वाटा वेगळ्या झाल्या, आता तरी मनाला स्वस्थता मिळेल. ती मिळाली नाही, कारण माझे पेशंट त्यांच्याकडे जायला लागले.

त्यांच्या दवाखान्याच्या दाराशी भिंतीला खिळ्यांची रांग आहे. कंबरदुखीचा पेशंट एमआरआयची मोठी पिशवी छातीशी धरून येतो. आमच्याकडे त्याला फोटूच म्हणतात. दिगंबररावांच्याकडे हा फोटू आत न्यायला बंदी आहे. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा तो खिळ्याला टांगायचा आणि रिकाम्या हाताने आत जायचं. आत एका कोपऱ्यात धान्याचं पोतं, एक बुटका पाट, कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी आणि कुठल्याशा मोडक्या स्कूटरची सीट ठेवलेली आहे. पेशंटने तिथे आपलं रोजचं काम करून दाखवायचं. कसं बसतोस, कसं वाकतोस, पोरगं कडेवर कसं घेतेस. मग पाय तपासायचे, ताकद बघायची, बधिरपणा विचारायचा. हे सगळं झाल्यावर वाटलं तर दिगंबरराव स्वतः उठून बाहेर जातात आणि फोटू घेऊन येतात. पुष्कळदा घरी जाताना पेशंटच तो खिळ्यावर विसरून जातो.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नाक मुरडलं. लाखमोलाचं यंत्र पाठीच्या आतलं चित्र काढून देतं आणि हे गृहस्थ ते बाहेर टांगून ठेवतात. एकदा एका परिषदेत मी त्यांना चारचौघांत छेडलं. ते शांतपणे म्हणाले, "अरविंदा, आपल्या वयाच्या माणसाचा फोटू काढला तं मणक्यातली गादी सरकलेली दिसतेच. दुखो का न दुखो. पह्यले फोटू पाह्यला का डोळे तिथंच चिकटते. मंग माणूस दिसत नाई." सगळे हसले, कुणी तरी मान डोलावली. मी चहा घ्यायला बाहेर गेलो.

त्यांच्या कामाचा एक नमुना मला घरपोच मिळाला. बडनेऱ्याला खानावळ चालवणाऱ्या गोदाबाई माझ्या पेशंट. वर्षानुवर्षांची कंबरदुखी, सकाळी उठायला भिंत धरावी लागायची. मी ऑपरेशन सुचवलं होतं, तारीखही ठरली होती. त्या तारखेला बाई आल्याच नाहीत. काही महिन्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या आणि माझ्यासमोर गुडघे न वाकवता वाकून जमिनीला हात टेकवून दाखवला. "साहेब, तुमी वाईट नका वाटून घेऊ. मी दिगंबर डाक्टरकडे गेली होती."

"काय औषध दिलं त्यांनी?" मी विचारलं.

"औषध कायचं जी. मले भाकरी थापून दाखवाले लावली. म्हने, बाई, तुह्या कमरेचं काही नाई, तुह्या चुलीचं हाय. ओटा बांध, उभ्यानं थाप. मी म्हटलं, आमच्यात कोनी उभ्यानं भाकरी करते का. तं म्हने, तू करून पाह्य, मंग बाकीच्या करतीन." शिवाय सकाळ-संध्याकाळ चालणं, पोट-पाठीचे व्यायाम, आणि कमरेचा पट्टा हळूहळू सोडणं. दुखणं एकदम गेलं नाही, मधे पुन्हा उचलही खाल्ली. पण दुखलं म्हणजे मोडलं असं नसतं, हे दिगंबररावांनी बाईंच्या मनात पक्कं बसवलं होतं. बाई पत्रिका ठेवून गेल्या. लग्नाला मी गेलो नाही. दिगंबरराव तिथे पहिल्या पंगतीला असणार, हे मला ठाऊक होतं.

शब्दांच्या बाबतीतही त्यांचा कटाक्ष असतो. मणका झिजला, गादी फाटली, नस दबली, असे शब्द त्यांच्या दवाखान्यात कुणी पेशंटपुढे उच्चारायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं की एकदा माणसाच्या कानावर हे पडलं की तो काचेच्या भांड्यासारखा वावरू लागतो, हलायचा थांबतो आणि न हलल्यानेच पाठ आखडत जाते. मी हे शब्द सर्रास वापरत आलो. ते खोटे नाहीत. पण माझे पेशंट घाबरून झोपून राहायचे आणि त्यांचे पेशंट दुखत दुखत का होईना शेतात जायचे, हा फरक माझ्या डोळ्यांत खुपायचा.

आता माझ्या बाजूचंही थोडं लिहितो. ऑपरेशन हा काही गुन्हा नाही. पायात आग ओतल्यासारखी कळ, महिनोन्‌महिने व्यायाम आणि औषधं करूनही न हटणारी, आणि चार पावलं चाललं की खाली बसावं लागतं, अशा अवस्थेतली माणसं माझ्या टेबलावरून उठून चालत गेली आहेत. काहींनी नंतर सायकल मारली. वाट पाहत बसण्यातही धोका असतो. नस जास्त काळ दबून राहिली तर ती पुन्हा जागी होईलच असं नाही. मी हे दिगंबररावांना तावातावाने सांगायचो आणि ते म्हणायचे, "बरोबर हाय." एवढंच म्हणायचे. वाद घालायला समोरचा उभा राहायला तर हवा. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्यांच्या एका चुकीची वाट पाहत होतो. थांब थांब म्हणता एखाद्याचा पाय त्यांनी घालवला, अशी बातमी कधी तरी येईल म्हणून अकोल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाकडे मी कान लावून असायचो. ती बातमी आली नाही.

आला तो त्यांचाच फोन. ते चांदूर बाजारला शिबिरासाठी गेले होते. "अरविंदा, एक टेम्पोवाला पाठोतो. सकाळपासून लघवी बंद हाय, बैठकीची जागा बधिर झाली. थेटर तयार ठेव. आजच करा लागते." स्वतःच्या गाडीत घालून त्यांनी त्याला माझ्याकडे धाडलं. अशा वेळी मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावरचा दाब ताबडतोब काढावा लागतो, व्यायामाचं तिथे काही काम नाही. मी लगेच ऑपरेशन केलं, चांगलं झालं, माणूस सावरला. डिस्चार्जच्या दिवशी त्याची बायको माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, "दिगंबर डाक्टरनं वाचवलं माह्या मानसाले." टेबलापाशी मी उभा, पाठ मी उघडली, आणि वाचवलं दिगंबर डॉक्टरांनी. मी हसून मान हलवली. घरी आल्यावर सुनंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं, तर ती म्हणाली, "खरंच आहे की ते. त्यांनी ओळखलं म्हणून तुम्हाला करता आलं."

बडनेऱ्याच्या त्या पेटीपासून माझी कंबर मधूनमधून धरायचीच. मणक्याचा डॉक्टर अॅप्रनखाली पट्टा बांधून पेशंटना सल्ले देतो, हे फक्त सुनंदाला माहीत होतं. आणि दिगंबररावांना, कारण त्यांच्यापासून असं काही लपत नाही. ते फोनवर सांगायचे, पट्टा सोड, पोहायला जा, टेबलाची उंची वाढव, दोन ऑपरेशनांच्या मधे बसून राहू नको. मी 'हो हो' म्हणायचो आणि काही करायचो नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर केलंही असतं. दिगंबररावांचा उपाय माझ्या कमरेला लागू पडावा, हेच मला नको होतं.

गेल्या वर्षी दुखणं कमरेतून उजव्या पायात उतरलं. मी फोटू काढला आणि माझ्या खोलीतल्या दिव्याच्या पाटीवर लावून रोज बघायला लागलो. गादीचा तुकडा दिसत होता. कधी तो मोठा वाटायचा, कधी लहान. पुण्या-मुंबईच्या मित्रांना मी तो पाठवला. एक म्हणाला करून घे, दुसरा म्हणाला थांब. आयुष्यभर लोकांना 'घाबरू नका, छोटंसं ऑपरेशन आहे' म्हणणाऱ्या मला त्या छोट्याशा ऑपरेशनच्या विचाराने घाम फुटायचा. सुनंदाने बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एका सकाळी म्हणाली, "दिगूभावजींकडे चला. मी तिकिटं काढली आहेत." कारमध्ये मला बसवत नव्हतं, म्हणून बडनेऱ्याहून रेल्वेने निघालो. मनातून मला बरंच वाटत होतं. ज्यांनी उभ्या वऱ्हाडाला ऑपरेशनपासून परत पाठवलं, ते मलाही परत पाठवतील. वाटेत मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं. पट्टा सोडतो, पोहतो, टेबल उंच करतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं ऐकायची माझी तयारी झाली होती.

दवाखान्यात पोचलो. खिळ्याला फोटू टांगताना मला विलक्षण अपमान वाटला, पण टांगला. दारावरचा पडदा ओढलेला होता. दिगंबररावांना आम्ही दिसत नव्हतो. मी व्हरांड्यातून चालत गेलो आणि आतून आवाज आला, "थांब. पुन्हा मागं जाय, अन् चालत ये."

मी मागे जाऊन पुन्हा चालत आलो. ते पडदा सारून बाहेर आले. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, पायाकडे होते. "अरविंदा, तुही उजवी चप्पल फटफट वाजून राह्यली. कवापासून?"

"चप्पल सैल आहे," मी म्हणालो.

"नवीनच आहे ती," सुनंदा म्हणाली. "आधीची पायातून निसटत होती म्हणून मागच्या महिन्यात मागे पट्टी असलेली आणली. ती पण निसटते म्हणतात."

दिगंबररावांनी मला खुर्चीवर बसवलं. मी ठरवलेलं भाषण सुरू केलं, व्यायाम करतो, पोहतो, तू म्हणशील ते सगळं करतो. त्यांनी ते ऐकलंच नाही. "टाच जमिनीले ठेव. पंजा वर कर." डावा पंजा वर झाला. उजवा अर्ध्यावर थांबला आणि थरथरू लागला. त्याच्याकडे मी दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा बघत राहिलो. रोज मी हीच तपासणी करतो. रोज पेशंटना हेच सांगतो, टाच टेकवा, पंजा वर करा. स्वतःला एकदाही सांगितलं नव्हतं. ऑपरेशन करताना रक्त थांबवायच्या यंत्राचा पेडल उजव्या पायाखाली असतो. पाय त्यावरून नीट उचलला जात नव्हता, तर मी पेडल खराब झाला म्हणून नवा मागवला होता. चप्पल बदलली, पेडल बदलला, आणि संध्याकाळी दिव्यासमोर उभा राहून फोटू बघत बसलो.

दिगंबरराव मग बाहेर गेले, फोटू आणला, उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला. "ऑपरेशन करा लागते. ह्याच हप्त्यात."

"तू म्हणतोस?" माझ्या तोंडून निघालं. "गोदाबाईला ओटा बांधायला सांगतोस आणि मला टेबलावर घेतोस?"

"गोदाबाईचा पंजा लुळा पडत नव्हता. तुहा पडून राह्यला. कंबर दुखते म्हणून तं मी तुले हातही लावला नसता." मग म्हणाले, "थांबशीन तं पाय जाईन. पाय गेला तं तू टेबलापाशी उभा राह्यणार नाई. अन् तू घरी बसला तं वैनीले लय तरास होईन."

सुनंदा हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, करायचं कुणाकडे. मोठ्या शहरातली नावं मी घेऊ लागलो. दिगंबरराव ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "अशी केस आली का मी आजवर तुह्याकडेच पाठोली. दुसऱ्या कोनाचं नाव कधी घेतलं नाई. आता तूच येऊन बसला. मंग कोनाकडे पाठवू?"

इतकी वर्षं मी त्यांच्या भरत जाणाऱ्या खिळ्यांचा हिशेब करत होतो आणि माझ्या दाराशी कोण माणूस कुठून येतो, ते कधी नीट पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मग तूच कर." ते म्हणाले, "बरं."

ज्या हाताकडे सर बोलणं थांबवून बघायचे, त्याच हाताने त्याच आठवड्यात अकोल्याच्या हॉस्पिटलात माझी पाठ उघडली. तो तेव्हा कसा चालला ते मला भूल दिल्यामुळे बघायला मिळालं नाही, ही खंत मला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्याआधी दिगंबरराव माझ्या खाटेपाशी आले, "ऊठ," म्हणाले, आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्यासोबत चालू लागले. हात धरला नाही, फक्त माझ्या पावलाचा आवाज ऐकत राहिले. अकोल्यात होतो तोवर रोज आले. पेटी उचलायला जे शिकवलं होतं तेच पुन्हा शिकवलं, खाली बस, पोटाशी घे, मग ऊठ. या वेळी मी केलं. पाय लगेच आला नाही, महिने लागले, पण आला. पट्टा सुटला. टेबल उंच केलं. हा लेखही मी उभ्यानेच लिहितो आहे, आणि पाठीवरची खूण इतकी बारीक आहे की आरशात शोधावी लागते. माझ्या पेशंटच्या पाठीवर मला इतकी बारीक खूण कधी जमली नाही, म्हणून तिचाही मला हेवा वाटतो.

दिगंबररावांच्या एकसष्टीला मी काय इच्छावं? अमरावतीला आल्यावर मी माझ्या खोलीबाहेर भिंतीला एक खिळा ठोकून घेतला आहे. जुनी सवय सुटत नाही, पेशंट फोटू घेऊन थेट आत येतात आणि मी आधी तोच बघतो, मग जीभ चावून त्यांना चालायला सांगतो. तो खिळा दिगंबररावांसाठी आहे. कधी तरी त्यांची कंबर धरावी, अगदी एवढीशी, अमरावतीला यावं लागेल इतकीच. मी त्यांचा फोटू खिळ्याला टांगीन, पडदा ओढून आत बसेन आणि त्यांच्या पावलांचा आवाज ऐकेन. दोन्ही पावलं सारखी वाजली पाहिजेत. मग टाच टेकवून पंजा वर करायला लावीन, दोन्ही पंजे झटक्यात वर झाले पाहिजेत. आणि मग, एकदाच का होईना, हे वाक्य मला त्यांना म्हणायला मिळावं: "काही नाही रे दिग्या तुला. घरी जा." ते म्हणता यावं, आणि ते खरं असावं, म्हणून दिगंबररावांना शंभर वर्षांचं धडधाकट आयुष्य लाभो.